आनापानसती आणि नोकरदार माणसाचे आरोग्य
(वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मंडळाने यंदाच्या वर्षावासात आमच्याकडे श्वासाचा विषय सोपवला आहे. श्वासाकडे लक्ष दिल्याने मनावरचा ताण कमी होतो का आणि प्रकृतीला त्याचा उपयोग होतो का, एवढाच तो प्रश्न. प्रारंभीच नमूद केले पाहिजे की आम्ही डॉक्टर नाही आणि त्रिपिटकाचे अभ्यासकही नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकुनी करणारी, चाळिशी ओलांडलेली आम्ही माणसे. आमच्यापैकी कुणी बँकेत, कुणी रेल्वेत, कुणी कारखान्यात. रविवारी सकाळी विहारात एकत्र बसतो, एवढीच आमची पात्रता. तेव्हा जे वाचले, जे केले आणि जे पटले, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम आपल्या जगण्याचा थोडा हिशेब मांडू. बदलापूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ६८ किलोमीटर. लोकलने जायला दीड तास धरा, यायला दीड तास. म्हणजे रोजचे तीन तास झाले. वर्षात कामाचे २८० दिवस धरले तर ८४० तास होतात. चोवीसने भागा, ३५ येतात. पस्तीस दिवस आणि पस्तीस रात्री आपला माणूस वर्षाकाठी गाडीत उभा असतो, आणि नशीब चांगले असेल तर चौथ्या सीटवर अर्धा बसलेला असतो. यात फलाटावर वाट पाहण्याचा वेळ धरलेला नाही. गृहिणींचा पाण्यासाठी जाणारा वेळही धरलेला नाही. जी भगिनी पहाटे चारला उठून डबे करते, मग स्वतः अंबरनाथहून कामाला जाते आणि रात्री पुन्हा चुलीशी उभी राहते, तिचा हिशेब तर कोणत्याच खातेवहीत लिहिला जात नाही.

या सर्वांचे शरीरात काय होते? संकट समोर आले की मेंदू इशारा देतो आणि मूत्रपिंडाच्या वर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींमधून अॅड्रिनलिन रक्तात उतरते. हृदय जोरात धडधडते, रक्तदाब चढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते, पचन मंदावते, श्वास उथळ आणि जलद होतो. पाठोपाठ कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य येते आणि ही तयारी टिकवून धरते. ही व्यवस्था निसर्गाने जीव वाचवण्यासाठी केली आहे. जंगलात वाघ दिसला तर पळायला हेच बळ लागते. पळून झाले, वाघ गेला, की शरीर पूर्ववत होते. पण गाडी चुकली, साहेब बोलला, मुलाची फी राहिली, सोसायटीचा हप्ता थकला, या गोष्टींपासून पळता येत नाही आणि त्या जातही नाहीत. शरीर मात्र वाघ आल्यासारखेच वागते, आणि दिवसभर वागत राहते. असे वर्षानुवर्षे चालले की झोप उडते, पित्त वाढते, डोके दुखते, रक्तदाब आणि साखर मागे लागते. आपल्या वस्तीत पन्नाशीच्या आत रक्तदाबाची गोळी सुरू झालेली माणसे किती आहेत, हे आपण घरोघरी पाहतोच.

आता हृदयाला ‘हळू चाल’ म्हणून सांगता येत नाही. रक्तदाबाला ‘उतर’ म्हटले तर तो उतरत नाही. पोटातील पचनावर आपला हुकूम चालत नाही. शरीरातील या आपोआप चालणाऱ्या कामांत श्वास एवढा निराळा आहे. आपण झोपेत असलो तरी तो चालतो आणि मनात आणले तर तो आपल्याला लांबवता येतो, थांबवताही येतो. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे संयुक्त खाते आहे. शरीर स्वतःच्या सहीने ते चालवते आणि आपलीही सही त्यावर चालते. (बँकेतल्या मंडळींना ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ आठवले असेल. इथे मात्र दोन्ही खातेदार एकाच वेळी जातात!)

विद्यार्थी मित्रांनी हा प्रयोग आत्ताच करून पाहावा. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे ठेवा आणि नाडी पाहा. सावकाश श्वास आत घ्या, नाडी किंचित जलद होते. सावकाश बाहेर सोडा, ती संथ होते. तरुण वयात हा फरक चांगला जाणवतो. मेंदूपासून हृदय आणि पोटापर्यंत उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू आहे. त्याचे काम हृदयाला आवर घालण्याचे, आणि श्वास सोडताना त्याचा जोर वाढतो. म्हणून उच्छ्वास लांबला की शरीराला ‘वाघ गेला’ असा निरोप पोहोचतो. हा निरोप गोळी न घेता, पैसे न देता, गाडीत उभ्या-उभ्या पाठवता येतो.

इटलीतील डॉ. लुचियानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक मौजेचा निष्कर्ष मांडला. त्यांनी निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना लॅटिनमध्ये म्हणायला लावली आणि तिबेटी बौद्धांचा ‘मणि पद्मे’चा मंत्रही म्हणायला लावला. दोन्हींत श्वासाची गती आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आली आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. धर्म दोन, भाषा दोन, परंतु श्वास एकच. आपण तिसरण आणि पंचशील एका सुरात ग्रहण करतो तेव्हा आपलाही उच्छ्वास लांबतो. आपल्या वंदनेचे मोजमाप कुणी केलेले आम्हाला ठाऊक नाही, परंतु घाईघाईने उरकलेली वंदना आणि सावकाश म्हटलेली वंदना यांतला फरक प्रत्येकाने अनुभवला आहे.

मात्र तथागतांनी शिकवलेली आनापानसती म्हणजे श्वास लांबवण्याचा व्यायाम नव्हे, हे इथे स्पष्ट केले पाहिजे. कारण प्राणायाम आणि आनापान यांत पुष्कळांची गल्लत होते. प्राणायामात श्वास आपण चालवतो, रोखतो, मोजून सोडतो. आनापानात श्वास आहे तसा जाणायचा असतो. लांब असेल तर लांब, आखूड असेल तर आखूड. मज्झिम निकायातील आनापानसती सुत्तात याच्या सोळा पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि त्यांतल्या पहिल्या दोन एवढ्याच आहेत: लांब श्वास लांब म्हणून जाणणे आणि आखूड श्वास आखूड म्हणून जाणणे. पुढच्या पायऱ्या शरीर, वेदना, चित्त आणि धर्म अशा वाढत जातात. त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार भन्तेजींचा आहे. आपण पहिल्या पायरीवरच थांबू.

या पहिल्या पायरीसाठी सतिपट्ठान सुत्तात भगवंतांनी दृष्टान्त दिला आहे तो खरादी कामगाराचा. पाली शब्द आहे ‘भमकार’, म्हणजे चाकावर लाकूड फिरवून त्याला आकार देणारा कारागीर. कुशल भमकार किंवा त्याचा हाताखालचा शिकाऊ माणूस लांब फिरकी देताना ‘लांब देतो आहे’ हे जाणतो आणि आखूड देताना ‘आखूड देतो आहे’ हे जाणतो. साधकाने श्वास तसा जाणावा. मित्रहो, अंबरनाथच्या माणसाला हा दृष्टान्त समजावून सांगण्याची गरज नाही. ऑर्डनन्स फॅक्टरी, तिच्या बाजूची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आणि औद्योगिक वसाहतीतले लहानमोठे कारखाने यांत आपल्या दोन पिढ्यांनी लेथ मशीन चालवली. चांगला टर्नर कसा असतो? तो मशीनशी झटापट करत नाही. त्याचे डोळे टूलच्या टोकावर असतात, कान आवाजावर असतो आणि बारीकसा फरक पडला तरी त्याच्या हाताला कळतो. बाजूला गप्पा चालल्या तरी त्याचे लक्ष हलत नाही, आणि हलले तर बोट जाते. अडीच हजार वर्षांपूर्वी ध्यानासाठी उदाहरण द्यायचे झाले तेव्हा भगवंतांनी कामगाराच्या हाताकडे बोट दाखवले. राजाकडे दाखवले नाही, पुरोहिताकडेही नाही. ध्यान म्हणजे रिकाम्या माणसांचे काम, असे म्हणणाऱ्यांनी हे सुत्त एकदा वाचावे.

दुसरा दृष्टान्त संयुत्त निकायात आहे. उन्हाळ्याच्या शेवटच्या महिन्यात सगळीकडे धूळ उडत असते आणि अचानक मोठा पाऊस येऊन ती धूळ जागच्या जागी बसवतो. आनापानसतीने मनातले अकुशल विचार तसे बसतात, असे भगवान सांगतात. मे महिन्यात कर्जतच्या बाजूने ढग येतात आणि वळवाची सर कोसळते, तेव्हा बदलापूरच्या रस्त्यावरची धूळ कशी खाली बसते, ते आठवा. सर धुळीशी भांडत नाही. विचारांना हाकलण्याचा प्रयत्न करू नका, ते बसतील, एवढे त्यातून घ्यायचे.

आता ही विद्या आपल्यापर्यंत कशी आली, त्यात कारकुनी करणाऱ्या एका माणसाचा वाटा किती मोठा आहे, हे सांगण्याचा मोह आवरत नाही. ब्रह्मदेशात, रंगूनमध्ये, ऊ बा खिन नावाचे गृहस्थ होऊन गेले. जन्म १८९९ चा. घरची गरिबी. शालान्त शिक्षण झाल्यावर त्यांनी एका वर्तमानपत्रात काही काळ काम केले आणि मग अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात कारकून म्हणून चिकटले. खात्याच्या परीक्षा देत देत वर चढले. जानेवारी १९३७ मध्ये एका ओळखीच्या साधकाकडून त्यांनी आनापान शिकून घेतले. बसताच मनाची एकाग्रता इतकी लवकर साधली की आठवड्याभरात ते सया थेट्जी या गृहस्थ आचार्यांकडे पूर्ण साधना शिकण्यासाठी गेले. सया थेट्जी हे शेतकरी होते. म्हणजे शेतकऱ्याने कारकुनाला शिकवले! पुढे ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि ऊ बा खिन देशाचे पहिले अकाउंटंट जनरल झाले. हिशेबखात्याचा सर्वोच्च अधिकारी झाल्यावर त्यांनी आपल्या कार्यालयातील कर्मचाऱ्यांसाठी साधनेची सोय केली आणि १९५२ मध्ये रंगूनला आंतरराष्ट्रीय ध्यान केंद्र उभारले. एकाच वेळी अनेक सरकारी खात्यांचा कारभार सांभाळून ते शिकवत राहिले. १९५४ साली परमपूज्य बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले होते, तेव्हा हे केंद्र त्याच शहरात चालू होते.

याच केंद्रात १९५५ साली सत्यनारायण गोयंका नावाचे एक तरुण व्यापारी आले. मंडालेत जन्मलेले, मारवाडी घराण्यातले, पैसा आणि मानमरातब भरपूर. पण अर्धशिशीने डोके असे दुखायचे की मॉर्फिनची इंजेक्शने घ्यावी लागत. युरोप, अमेरिका, जपानपर्यंत डॉक्टर केले, उतार नाही. कुणीतरी सुचवले म्हणून ते ऊ बा खिन यांच्याकडे गेले आणि म्हणाले, डोकेदुखी बरी व्हावी म्हणून आलो आहे. ऊ बा खिन यांनी त्यांना नकार दिला! डोकेदुखीसाठी दवाखाना आहे, धम्माचे मोल एवढे कमी करू नका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. मन शुद्ध करण्यासाठी येणार असाल तर या, दुखणे गेले तर तो वरचा लाभ. गोयंका काही काळ विचारात पडले, मग परत आले आणि त्यांना साधना मिळाली. चौदा वर्षांनी, जुलै १९६९ मध्ये, त्यांनी मुंबईत पहिले शिबिर घेतले. त्यातून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र उभे राहिले आणि ते १९७६ पासून चालू झाले. दहा दिवसांच्या त्या शिबिरात पहिले तीन दिवस आनापानच करवून घेतले जाते. कल्याणहून गाडीत बसले की कसारा घाट चढून आपण तिथे पोहोचतो. एप्रिल १९९४ मध्ये दिल्लीच्या तिहार तुरुंगात एक हजाराहून अधिक कैदी एका शिबिरात बसले. २०१३ साली गोयंका गुरुजींचे निधन झाले.

ऊ बा खिन यांचा नकार आम्हाला पटतो आणि थोडासा पटतही नाही. धम्म म्हणजे डोकेदुखीचे औषध नव्हे, हे शंभर टक्के खरे. पण आपल्या वस्तीतला माणूस विहाराच्या पायरीवर येतो तो बहुधा काहीतरी दुखत असते म्हणूनच. कुणाला झोप येत नाही, कुणाच्या घरी दारूने वाटोळे केलेले असते, कुणाची नोकरी गेलेली असते. त्याला ‘आधी हेतू शुद्ध करून ये’ म्हटले तर तो परत जाईल आणि येणारच नाही. त्याला दारातून आत घ्यावे, बसवावे, असे आमचे मत आहे. मोठी शिकवण त्याला पुढे आपोआप दिसेल.

आपल्या भागात दुसराही एक प्रवाह रुजला आहे, त्याचा उल्लेख राहून जाऊ नये. उर्ग्येन संघरक्षितांच्या प्रेरणेने १९७९ साली त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण स्थापन झाला. आज तो त्रिरत्न बौद्ध महासंघ म्हणून ओळखला जातो. तिथे आनापानसती चार टप्प्यांत शिकवतात. पहिल्या टप्प्यात श्वास सोडल्यावर मनात ‘एक’ म्हणायचे, पुढच्या श्वासाला ‘दोन’, असे दहापर्यंत, आणि पुन्हा एकपासून. दुसऱ्या टप्प्यात आकडा श्वास घेण्याच्या आधी म्हणायचा. तिसऱ्यात आकडे सोडून नुसता श्वास अनुभवायचा. चौथ्यात नाकपुडीशी जिथे हवेचा स्पर्श सर्वांत सूक्ष्म जाणवतो तिथे लक्ष ठेवायचे. गोयंका गुरुजींच्या पद्धतीत आकडेही नाहीत आणि कोणताही शब्द नाही. कोणती पद्धत श्रेष्ठ, यावर आपल्याकडे चहाच्या टपरीवर वाद झडतात. हे वाद आम्हाला निष्फळ वाटतात. ज्याचे मन फार पळते त्याने मोजावे, ज्याला मोजण्याची अडचण होते त्याने मोजू नये.

आम्हा बँकेतल्या लोकांना मोजणे सोपे गेले. शंभर नोटांचे बंडल हाताने मोजताना त्रेसष्टवर कुणी हाक मारली आणि आकडा सुटला, तर रोखपाल काय करतो? तो अंदाजाने ‘पासष्ट’ धरत नाही. चिडतही नाही. बंडल सारखे करून एकपासून सुरुवात करतो. श्वास मोजताना मन भटकले की अगदी हेच करायचे. ‘मला जमत नाही’ म्हणून सोडून देणारे पुष्कळ भेटतात. मन भटकल्याचे ध्यानात आले, हाच तर अभ्यास आहे.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या. त्यानंतरचे दिवस काउंटरच्या आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही बाजूंच्या लोकांना आठवत असतील. सकाळी शटर उघडण्याआधी रांग रस्त्यापर्यंत गेलेली असायची. म्हातारी माणसे उन्हात उभी, कुणाच्या घरी लग्न, कुणाचा माणूस दवाखान्यात, आणि आमच्याकडे द्यायला नोटा नाहीत. लोक चिडायचे ते समोर दिसणाऱ्या कारकुनावर. रात्री रोख जुळेपर्यंत घरी जाता येत नसे. त्या दिवसांत आम्ही काही जणांनी एक गोष्ट ठरवून केली. एक ग्राहक गेला आणि दुसरा पुढे येतो आहे, त्या मधल्या वेळात एक श्वास पूर्ण पाहायचा. आत आला, बाहेर गेला, मग ‘या काका, पुढे या’. त्याने नोटा वाढल्या नाहीत आणि रांगही कमी झाली नाही. पण आवाज चढला नाही, आणि घरी जाऊन मुलांवर राग निघाला नाही. एवढा लाभ आमच्या लेखी पुष्कळ आहे.

कसे बसावे, याबद्दल थोडे सांगतो. घर दहा बाय बाराचे, त्यात सहा माणसे, टीव्ही चालू, शेजारी शिलाई मशीन. उल्हासनगरच्या कॅम्पात किंवा चाळीत एकांत मिळणार नाही, तो मिळण्याची वाट पाहू नका. पहाटे इतर उठण्याआधी किंवा रात्री निजानीज झाल्यावर दहा मिनिटे धरा. मांडी घालता येत नसेल तर खुर्चीवर किंवा पलंगाच्या कडेवर बसा, पाठ ताठ पण ताणलेली नको. डोळे अलगद मिटा. नाकपुड्यांच्या दाराशी लक्ष ठेवा. आत येणारी हवा किंचित गार, बाहेर जाणारी किंचित ऊबदार लागते. तेवढेच पाहा. श्वास मुद्दाम मोठा करू नका. मन गेले की परत आणा. झोप येत असेल तर डोळे उघडून बसा. रात्रपाळी असेल तर पाळीवरून आल्यावर बसा, पण वेळ एकच ठेवा. लोकलमध्ये उभ्या-उभ्याही करता येते, फक्त दारात लटकत असताना करू नका. तिथे लक्ष हातातल्या दांड्यावरच हवे.

दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेच्या हॉलमध्ये हातपाय गार पडतात, पाठ केलेले आठवत नाही, हाही त्याच अॅड्रिनलिनचा खेळ. प्रश्नपत्रिका हातात आल्यावर पाच श्वास पाहा, उच्छ्वास थोडा सावकाश होऊ द्या, मग वाचायला घ्या. यात अर्धा मिनिट जाते. अर्थात अभ्यास केलेला नसेल तर श्वास तुम्हाला उत्तरे सांगणार नाही!

विज्ञानाने याबद्दल काय म्हटले आहे, ते अधिकउणे न करता सांगणे आमचे कर्तव्य आहे. कारण चमत्काराच्या गोष्टी सांगून माणसे गोळा करणे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ साली ध्यानाविषयीचे संशोधन तपासले. हृदयविकाराचा धोका कमी करण्यात ध्यानाचा काही उपयोग संभवतो, परंतु तो नेहमीच्या उपचारांना जोड म्हणून, त्यांच्या जागी नव्हे, असा त्यांचा निर्णय होता. २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी रोज पाच मिनिटे असे महिनाभर लोकांना निरनिराळ्या प्रकारे श्वासाचा अभ्यास करायला लावला. काहींनी नुसता श्वास पाहिला, काहींनी तो ठरावीक रीतीने घेतला-सोडला. चिंता सर्वांचीच कमी झाली. मात्र मन प्रसन्न होण्याच्या बाबतीत लांब उच्छ्वासाचा गट पुढे राहिला, नुसता श्वास पाहणारा गट नव्हे. आपल्या पद्धतीचा पहिला नंबर आला नाही म्हणून हे लपवण्याचे कारण नाही. ताण उतरवणे एवढाच हेतू असेल तर उच्छ्वास लांबवावा. मन ओळखायचे असेल तर श्वास आहे तसा पाहावा. दोन्ही कामे वेगळी आहेत.

म्हणून हात जोडून सांगणे आहे की, रक्तदाबाची, साखरेची, दम्याची किंवा फिटची गोळी ध्यान सुरू केले म्हणून कुणीही बंद करू नये. गोळी कमी करायची की नाही हे डॉक्टर ठरवील, विहारातला शेजारी नव्हे. छातीत दुखले, घाम फुटला, डावा हात भरून आला तर श्वास पाहत बसू नका, तडक दवाखाना गाठा. ज्यांना गंभीर मानसिक आजार होऊन गेला आहे किंवा चालू आहे, त्यांनी दहा दिवसांच्या मौन शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि शिबिराच्या अर्जात ते लपवू नये. डोळे मिटून बसल्यावर जुने भयंकर प्रसंग अंगावर येत असतील तर डोळे उघडावेत, बसणे थांबवावे, कुणाशी तरी बोलावे. जगणे नकोसे झाले असे वाटणाऱ्यांसाठी २०२२ पासून ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा आहे, १४४१६ या क्रमांकावर. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावा, अशी मंडळाला आमची सूचना आहे.

शेवटी एका आक्षेपाला उत्तर देणे आवश्यक आहे, कारण तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून येतो आणि तो खोटा म्हणता येत नाही. ते म्हणतात, ‘डोळे मिटून बसायला शिकवून तुम्ही समाजाला थंड करता. बाबासाहेबांनी संघर्ष करायला सांगितले, श्वास मोजायला नव्हे.’ आता आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्याकडेच पाहू. माणूस मिनिटाला पंधरा श्वास घेतो असे धरले तर दिवसाला २१,६०० होतात, आणि दर श्वासाला अर्धा लिटर हवा धरली तर १०,८०० लिटर. ही हवा कोणती? नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनीत रसायने ओतली गेली आणि काठच्या वस्तीतील शेकडो लोकांना श्वासाचा त्रास होऊन दवाखान्यात न्यावे लागले. ३ जून २०२१ च्या रात्री बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून वायू सुटला, डोळे चुरचुरू लागले, लोक घाबरून घराबाहेर पडले. सप्टेंबर २०२४ मध्ये अंबरनाथला तेच झाले. नदीच्या काठाला आणि कारखान्याच्या भिंतीला लागून कुणाची घरे असतात, हे या सभेत सांगायला नको.

या हवेचा उपाय आनापानसती नाही. विषारी वायूकडे समभावाने पाहा, असे सांगणारा माणूस धम्म सांगत नाही. त्या हवेसाठी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कल्याण कार्यालयात लेखी तक्रार करायची, पोच घ्यायची, पाठपुरावा करायचा, नगरसेवकाला जाब विचारायचा. परंतु हे काम करणारे कार्यकर्तेही आम्ही पाहिले आहेत. दोन वर्षे धावपळ, मग भांडणे, मग दारू, मग रक्तदाब, आणि चळवळ थांबलेली. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अष्टांगिक मार्ग समजावताना सम्यक स्मृती म्हणजे मनाची अखंड जागरूकता असा अर्थ सांगितला आहे आणि सम्यक समाधीला मन कुशलाकडे वळवण्याची सवय म्हटले आहे. समाधी म्हणजे नुसती गुंगी नव्हे, हा त्यांचा रोख आहे. जागा असलेला माणूस अर्ज नीट लिहितो, अधिकाऱ्याने उद्धटपणा केला तरी मुद्दा सोडत नाही, आणि पुढच्या तारखेला पुन्हा हजर राहतो. आम्ही श्वासाकडे वळलो ते याच कारणाने.

वेळ झाल्याची चिठ्ठी अध्यक्षांकडून आली आहे. आता पाच मिनिटे आपण सर्वजण बसणार आहोत. लहान मुलांच्या आयांनी मुले मांडीवर घेऊनच बसावे, मूल रडले तर कुणी मागे वळून पाहू नये. त्यानंतर बाहेरच्या ओसरीवर रक्तदाब तपासण्याची सोय केली आहे. ज्यांनी वर्षभरात तपासलेला नाही त्यांनी आधी तिकडे जावे, चहा नंतर. प्रश्न असतील ते चहाच्या वेळी विचारावेत. पंखे जरा हळू करा. पाठ सरळ, डोळे मिटा.

जयभीम!